चिंचोळीतला ळ

१

बुधवारी सकाळी साडेदहाला होटगी रोडवरच्या वीज नियोजन कार्यालयात हरवलेली वही सापडली. हरवली तेव्हा झाला नव्हता एवढा आरडाओरडा ती सापडल्यावर झाला, कारण ती सिद्धेश्वरीच्या टेबलाच्या खणात सापडली.

दक्षता विभागाच्या मालतीबाई मंगळवेढेकर अकराला पोचल्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते आणि माणसांबद्दलचा आदर त्याच्या बराच आधी संपला होता. फाटकावर धुळा नावाच्या पहारेकऱ्यानं त्यांचीही पिशवी उघडून पाहिली. गोदामातून तांब्याची तार गेल्यापासून आत-बाहेर करणाऱ्या प्रत्येकाची पिशवी तो तपासायचा. अख्ख्या कार्यालयात स्वतःचं काम नीट करणारा हा एकच माणूस असावा, असं बाईंना वाटलं.

बैठकीच्या खोलीत अधीक्षक अभियंता शहाजीराव आणि पुण्याचे सल्लागार सुबोध बसले होते. भिंतीवर आराखड्याचं चित्र पडलं होतं, पण त्याची वरची ओळ भिंतीवर न मावता छतावर चढून पंख्याच्या पात्यात अडकली होती. प्रोजेक्टर जुन्या वह्यांच्या चळतीवर ठेवला होता.

"मागच्या आठवड्यापर्यंत सरळ पडत होतं हो," लिपिक नंदू पुटपुटला. "आता मान वर करून वाचायचं."

"तू वाचतोस कशाला? शुक्रवारी मुंबईचे साहेब वाचतील," शहाजीराव म्हणाले.

तेही वाचणार नव्हते, हे मालतीबाईंना तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. दोनशे चाळीस पानांचा आराखडा, गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हिरवं पान आणि उगवता सूर्य. असल्या वस्तू वाचायच्या नसतात, त्यांच्याशेजारी उभं राहून फोटो काढायचे असतात.

पण या आराखड्यावर बरंच काही ठरणार होतं. जिल्ह्याच्या माळरानांवर सोलरच्या पाट्या मैलोनमैल उभ्या राहिल्या होत्या. दुपारी वीज इतकी तयार व्हायची की वाहून न्यायला तारा पुरायच्या नाहीत, मग चांगल्या चालत्या पाट्या बंद ठेवायच्या. संध्याकाळी गावोगाव दिवे लागले की कोळसा जाळून वीज आणायची. हा गाढवपणा थांबवायला नवी लाईन कुठं ओढायची आणि साठवणुकीच्या बॅटऱ्या कुठं बसवायच्या, ते या आराखड्यात ठरायचं होतं. अक्कलकोटच्या बाजूला चिंचोळी नावाचं गाव होतं. तिथं काहीच नको, असं आराखडा सांगत होता. तिथली दुपारची वीज गावातच खपते म्हणे.

कनिष्ठ अभियंता सिद्धेश्वरी म्हणत होती, खपत नाही. तिनं महिनाभर चिंचोळीच्या उपकेंद्रावर तासातासाला खपाचे आकडे घेतले होते. दुपारचा आकडा चाळीसच्या वर कधी गेलाच नव्हता. तसा अहवाल तिनं दिला, आणि लगेच तिची मूळ वही कपाटातून गायब झाली. आता ती तिच्याच खणात सापडली होती, आणि वहीत दुपारचे आकडे होते एकशे साठ, एकशे सत्तर.

"म्हणजे खोटा अहवाल दिला, अन् वही लपवली," शहाजीराव म्हणाले. "सरळ आहे. शुक्रवारी तीनला बैठक, त्याच्या आधी तुमचा शेरा द्या. निलंबनाचा कागद तयार आहे."

मालतीबाईंनी वही उघडली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: 'चिंचोली उपकेंद्र, १५ डिसेंबर ते १५ जानेवारी.' पानागणिक खाली 'सि.' अशी सही.

"गावाचं नावसुद्धा धड लिहिता येत नाही आणि या पोरी इंजिनिअर होतात," बाई फणकारल्या, आणि आपल्या टिपणवहीत त्यांनी पहिला शब्द लिहिला: 'अक्षरशत्रू.'

२

सिद्धेश्वरी सव्वीस वर्षांची होती आणि रडत नव्हती. मालतीबाईंना हे जरा खटकलं.

"ही वही माझी नाही," ती म्हणाली.

"सही तुझी आहे."

"एका अक्षराची सही कुणीही करील. मॅडम, आमच्या उपकेंद्रावर जुनं मीटर आहे, काट्याचं. दर पाचावर एक रेघ, मध्ये रेघच नाही त्याला. आम्ही लिहितो तीस, पस्तीस, चाळीस. या वहीत बघा. एकशे त्रेसष्ट, एकशे अडुसष्ट. मी त्रेसष्ट वाचू कशावरून?"

"अंदाजानं लिहिलं असशील."

"अंदाजच करायचा तर तिथं महिनाभर कशाला बसले असते? इथंच बसून केला असता, बाकीच्यांसारखा."

हे उत्तर बाईंना आवडलं, पण त्यांनी तोंडावर दाखवलं नाही. "साक्षीदार कोण?"

"बिभीषण. ऑपरेटर. रोज अर्धे आकडे त्यानं घेतलेत. त्याचा जबाब दिलाय की."

जबाब शहाजीरावांनी फायलीतून काढून टाकला होता. कारण विचारल्यावर ते म्हणाले, "दोघं एकाच गावचे हो. एकमेकांचीच री ओढणार." शहाजीरावांना घाई झाली होती आणि घाईचं कारण अख्ख्या कार्यालयाला माहीत होतं. आराखड्यातल्या बॅटऱ्या टेंभुर्णीजवळ बसणार होत्या, आणि टेंभुर्णीजवळ त्यांच्या मेव्हण्याची बावीस एकर पडीक जमीन होती. दगडगोट्यांची जमीन अचानक राष्ट्राच्या कामी येणार होती.

कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे असतात, हे बाईंनी नंदूला विचारलं.

"एक साहेबांकडं, एक माझ्याकडं."

"तुझी कुठं असते?"

नंदूनं भिंतीकडं बोट दाखवलं. खिळ्यावर किल्ली लोंबत होती आणि तिच्या खाली त्यानं सुरेख अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती: 'गोपनीय कपाटाची किल्ली.'

मालतीबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात चौदा महिने मोजले.

उरले सुबोध. ते महिनाभर याच खोलीत बसून संगणकावर जिल्हा चालवत होते. जिल्ह्यात ते फिरले होते दोनदा, तेही गाडीच्या काचा वर करून.

"आमचं मॉडेल फार रोबस्ट आहे मॅडम," ते म्हणाले. "वहीतले आकडे आणि मॉडेलचे आकडे अगदी जुळतात. शंभर टक्के."

"शंभर टक्के?"

"एकही आकडा चुकत नाही."

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. नवऱ्याबरोबर तीस वर्षं संसार करून त्यांचे दोघांचे भाजीचे हिशेबसुद्धा कधी शंभर टक्के जुळले नव्हते. त्यांनी वहीच्या पानांच्या छायाप्रती घेतल्या आणि अक्कलकोटची गाडी धरली.

३

चिंचोळीत सिद्धेश्वरीची आई चंद्रव्वा पिठाची चक्की चालवत होती. लाल लुगडं, कपाळाला आडवी विभूती, केसांवर ज्वारीच्या पिठाची पांढरी कळा. मुलीवरचा आळ तिला कळला होता. तिनं बाईंना पाणी दिलं, बसायला पोतं दिलं, पण हसली नाही.

"माज्या पोरीनं चोरी केली म्हनून बगायला आलाय व्हय?"

"केली नाही हे बघायला आलेय. चक्की दुपारी चालते का?"

"दुपारी कोन दळतंय? सांजच्याला बायका रानातनं आल्या की मग गर्दी. दुपारी हितं मी अन् माशा."

"मग हे बघा." मालतीबाईंनी छायाप्रती पुढं केल्या. चंद्रव्वा चौथीपर्यंत कानडी शाळेत गेलेली आणि पुढचं सगळं चक्कीवर शिकलेली. तिनं चष्मा लावला आणि आकड्यांवरून बोट फिरवत गेली. एका पानावर बोट थांबलं.

"ह्यो कुटला दिवस म्हनायचा?"

"तीस डिसेंबर. सोमवार."

"अन् दुपारी बाराला एकशे सत्तर?"

"हो."

चंद्रव्वानं चष्मा काढला आणि बाईंकडं असं पाहिलं, की मालतीबाईंना आयुष्यात बऱ्याच दिवसांनी आपण शाळेत आल्यासारखं वाटलं.

"यव्वा! बाई, त्या दिशी येळ्ळमावशी होती की! वेळ अमावस्या म्हनता न्हवं तुमी? सगळं गाव रानात. भज्जी, आंबील, उंडे घिऊन माणसं पहाटंच गेली, ती दिवस मावळल्यावर आली. गावात कुत्रं बी नव्हतं, ते बी खायला मागं गेलं. चक्की बंद, मोटारी बंद, दुकानं बंद. एकशे सत्तर कुनी जाळली, भुतानं?"

वेळ अमावस्या मालतीबाईंनी ऐकली होती, पण सरकारी सुट्टीच्या यादीत ती नसते, आणि यादीत नाही ते त्यांच्या कार्यालयात घडतच नाही. वही खोटी होती. खोटी करणाऱ्याला हा दिवस माहीत नव्हता.

त्यांच्या डोक्यात लगेच शहाजीराव उभे राहिले. जमीन, घाई, फायलीतून काढलेला जबाब. सगळं बसत होतं आणि बाईंना मनापासून आनंद होत होता. चंद्रव्वानं पुढच्याच वाक्यात तो घालवला.

"तुमचे शाजीराव साहेब बी आलते की त्या दिशी. त्यांची सासुरवाडी ह्योच गाव. आमच्या शेजारच्या रानात बसून चार वाट्या भज्जी खाल्ली अन् उताणे पडले."

चार वाट्या भज्जी खाऊन त्याच दुपारी गावात एकशे सत्तर आकडा दाखवण्याइतका मूर्ख माणूस जगात असेल, पण तो शहाजीराव नव्हते. त्यांचा मूर्खपणा वेगळ्या जातीचा होता.

"अजून येक," चंद्रव्वानं पहिलं पान परत दिलं. "ह्ये गाव आमचं न्हवं. चिंचोली म्हनं. आमचं गाव चिंचोळी. ळ. माजी पोर बालवाडीत असल्यापास्नं मास्तरांना सांगायची, ल न्हाय, ळ काडा."

मालतीबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. 'अक्षरशत्रू' हा शब्द त्यांच्या पर्समध्ये होता आणि आता तो जड लागत होता. बुधवारी सकाळी अकराला पुरावा त्यांच्या नाकासमोर ठेवला होता. त्यांनी त्याच्याकडं बघून फक्त नाक मुरडलं होतं.

४

शुक्रवारी दोन वाजता त्यांनी शहाजीराव, सुबोध आणि नंदू या तिघांना बोलावलं. मुंबईचे साहेब विश्रामगृहात जेवत होते. शहाजीरावांच्या हातात निलंबनाचा कागद होता, सिद्धेश्वरी दाराशी उभी होती.

"तेवढी एक जाहीर नोटीस काढायची राहिलीय," मालतीबाई म्हणाल्या. "सुबोधसाहेबांच्या संगणकातली गावांची इंग्रजी यादी आहे. तिघांनीही मराठीत उतरवून द्या. कुणाचं अक्षर चांगलं ते घेऊ."

"हे काय शाळेसारखं?" शहाजीराव कुरकुरले. पण लिहायला घेतलं. चौकशीच्या भानगडीत न पडता सुटका होणार असेल तर ते पाढेही लिहून द्यायला तयार होते.

नंदू चौथ्या नावाशी अडला. "बाई, हे नाव दोनदा आलंय. एक अक्कलकोटकडचं अन् एक टेंभुर्णीकडचं ना? मग एक चिंचोळी, एक चिंचोली. इंग्रजीत दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून विचारलं."

"तुला वाटेल तसं लिही."

तीन कागद समोर आले. नंदूनं दोन गावं दोन तऱ्हेनं लिहिली होती. शहाजीरावांनीसुद्धा सासऱ्याच्या गावाला ळ दिला होता, तेवढी लाज त्यांना होती. सुबोधनं दोन्हीकडं लिहिलं होतं 'चिंचोली', आणि त्यातल्या 'च'च्या पोटाला वहीच्या पहिल्या पानावरच्या 'च'सारखाच टोकदार कोपरा होता. बाईंनी वही शेजारी ठेवली. कुणाला काही सांगावं लागलं नाही.

"टेंभुर्णीकडच्या चिंचोलीत शीतगृहं आहेत, ढाबे आहेत, गॅरेजं आहेत," मालतीबाई म्हणाल्या. "तिथं दुपारी एकशे सत्तर लागतात, आणि वेळ अमावस्या तिथं कुणी पाळत नाही. तिथलं मीटर नवं आहे, आकडे थेट संगणकात येतात, एकशे त्रेसष्टसुद्धा येतात. आमच्या चिंचोळीचे आकडे संगणकात नाहीतच, ते वहीत आहेत. तुम्ही संगणकात इंग्रजीत नाव टाकलं, एक गाव मिळालं, तुम्ही खूश. कुठलं मिळालं हे बघायला खाली उतरावं लागतं."

सुबोधचा चेहरा पांढरा पडला. "मॅडम, स्पेलिंग सेम आहे. कुणाच्याही हातून झालं असतं."

"झालं असतं. पुढं बोला."

"सिद्धेश्वरीचा अहवाल आला तेव्हा लक्षात आलं. तोवर रिपोर्ट मुंबईला गेला होता. छापला होता. अख्खं मॉडेल परत चालवायचं म्हणजे... लोक हसले असते."

या माणसानं पैसे खाल्ले असते, जमीन लाटली असती, तर मालतीबाई त्याला चोर म्हणाल्या असत्या आणि चोराचा म्हणून काही मान ठेवला असता. यानं ते काहीच केलं नव्हतं. लोक हसतील म्हणून यानं एका गावाचा महिना स्वतःच्या हातानं खोटा लिहून काढला होता, एकेक आकडा, चांगल्या पेनानं.

"आणि हिची नोकरी?"

"निलंबन तात्पुरतं असतं ना मॅडम," सुबोध हळू म्हणाला.

दाराशी उभी सिद्धेश्वरी पहिल्यांदा हलली. "आमच्या गावात मी पहिली इंजिनिअर," ती म्हणाली. "तात्पुरतं म्हणजे काय, ते माझ्या आईला येऊन सांगा."

शहाजीरावांनी घसा खाकरला. "हे सगळं ठीक आहे. अक्षर सारखं आहे, मान्य. पण खरी वही कुठाय? ती नसेल तर मुंबईचे साहेब छापील आराखडाच धरणार. तीनला पाच कमी आहेत."

बाहेर गाडीचं दार वाजलं.

५

मुंबईचे साहेब आले, बसले, आणि पंख्याकडं बघत आराखड्याची वरची ओळ वाचायचा प्रयत्न करू लागले.

मालतीबाई उभ्या राहिल्या. "साहेब, दोन मिनिटं. धुळा फाटकावर प्रत्येकाची पिशवी उघडतो. या सुबोधसाहेबांनी त्याच्याशी त्यावरून दोनदा भांडण केलंय, फाटकाच्या नोंदवहीत आहे ते. म्हणजे चोरलेली वही बाहेर गेली नाही. कपाटं मी कालच पाहिली. जिथं वह्या आहेत हे सगळ्यांना दिसतं आणि कुणी बघत नाही, अशी जागा या इमारतीत एकच आहे. नंदू, हे चित्र छतावर कधी चढलं?"

"मागच्या आठवड्यात, बाई."

"वही कधी गेली?"

नंदूचा जबडा खाली आला. तो धावला आणि प्रोजेक्टर उचलला. भिंतीवरचा उगवता सूर्य साहेबांच्या शर्टावरून घसरत जमिनीवर गेला. चळतीतली सगळ्यात वरची वही हिरव्या कापडी पाठीची होती. आठ दिवस खोटा आराखडा खऱ्या वहीच्या डोक्यावर बसून चमकत होता.

सिद्धेश्वरीनं वही घेतली. मुखपृष्ठावर तिच्या अक्षरात, वळणदार ळ सकट, गावाचं नाव होतं. तिनं तीस डिसेंबरचं पान काढून साहेबांपुढं ठेवलं. सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत एकाखाली एक: पाच, पाच, पाच, पाच. शेऱ्याच्या रकान्यात बिभीषणनं पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'गाव रानात.'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग आराखडा बाजूला सरकवला आणि चिंचोळीचं सगळं गणित नव्यानं करायला सांगितलं, सिद्धेश्वरीच्या वहीवरून, सिद्धेश्वरीला बरोबर घेऊन. सुबोध संगणक बंद करत होता. शहाजीराव निलंबनाच्या कागदाची घडी घालत, आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती, असं शेजारच्या खुर्चीला सांगत होते. खुर्ची रिकामी होती.

मालतीबाईंनी टिपणवहीतलं पहिलं पान फाडलं आणि सिद्धेश्वरीच्या हातात दिलं. "हे मी तुझ्याबद्दल लिहिलं होतं. बघितलं मी आधी, आणि समजलं तुझ्या आईला. चुकले मी."

सिद्धेश्वरीनं तो एक शब्द वाचला, कागद चौकोनी घडी करून पर्समध्ये ठेवला. परत दिला नाही.

साडेचारला साहेबांच्या माणसानं आदेश छापून आणला. सिद्धेश्वरी निर्दोष, निलंबनाचा प्रस्ताव रद्द, कामावर कायम. शहाजीरावांनी पेन पुढं केलं. "कर सही, अन् जा घरी. आईला पेढे ने."

सिद्धेश्वरीनं आदेश वरपासून खालपर्यंत वाचला. तिसऱ्या ओळीवर तिचं बोट थांबलं, आईचं थांबलं होतं तसंच. तिनं कागद मागं सरकवला.

"साहेब, 'मौजे चिंचोली' लिहिलंय. दुरुस्त करून आणा."

"अगं, एका अक्षरासाठी आता परत..."

"मी थांबते," सिद्धेश्वरी म्हणाली.

मालतीबाईंची साडेपाचची बस होती. त्यांनी खुर्ची ओढली आणि तिच्याशेजारी बसल्या.